पाना खाली ठेवा

इंजिनचं काम करताना काही बिघडलं, तर लगेच दुरुस्त करायला धावू नका. पाना खाली ठेवा. हात पुसा. चावी काढून खिशात टाका, म्हणजे कुणी सहज म्हणून सेल्फ मारणार नाही. मग काय झालंय ते मोठ्यानं बोला. ‘एक्झॉस्टचा बोल्ट आतच तुटला.’ ‘वायसर हातातून सुटला, कुठं गेला दिसलं नाही.’ ‘पट्टा चढवला, पण खुणा जुळल्या होत्या की नाही आठवत नाही.’ बोलून दाखवलं की चूक जेवढी आहे तेवढीच दिसते. मनात ठेवली की वाढत जाते, आणि हात घाई करायला लागतात.

आमचे वस्ताद म्हणायचे, पहिली चूक शंभराची, ती झाकायला केलेली दुसरी हजाराची. उमेदवारीला आलेल्या प्रत्येक पोराला त्यांनी हे ऐकवलं. मी आता आमच्या भाचरांना ऐकवतोय. तिघांनी मिळून एक जुनी मारुती ८०० घेतली आहे, कार्ब्युरेटरची, आणि पार्किंगमध्ये तिचं इंजिन आपल्याच हातानं करायचं म्हणतात. करू देत. ही गाडी १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत बनायची थांबली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बॉनेट उघडलं की हात घालायला जागा, आणि पार्ट अजून मिळतात. शिकायला याहून बरं इंजिन मला तरी सुचत नाही. बाकीच्यांनी शेजारी उभं राहून ऐकायला हरकत नाही, कारण बोल्ट कुठल्याही कंपनीच्या गाडीत सारखाच तुटतो.

घरच्या कामात आणि गॅरेजच्या कामात एक मोठा फरक आहे, तो अकलेचा नाही, वेळेचा. गॅरेजात काम अडलं तर गाडी बाजूला ढकलतात आणि दुसरी घेतात. घरी रविवारी संध्याकाळी अडतं. दुकानं बंद, सोमवारी ऑफिस, आई वरून जेवायला हाका मारते, आणि अंधारात मोबाइलच्या उजेडात ‘आता एवढं संपवूनच टाकू’ असं म्हणून जोर लावला जातो. मी बघितलेले निम्मे तुटलेले बोल्ट असल्या वेळेचे आहेत. म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी लागणार असेल तर आदल्या दिवशी हेड खोलायचं नाही. हा नियम पाळलात तर खालचं अर्धं वाचायची वेळच येणार नाही.

आता बोल्टाकडे येऊ, कारण तिथंच सगळ्यांचं घोडं अडतं.

बोल्टाचं डोकं झिजून गोल झालं, पाना घसरायला लागला, तर त्याच पान्यानं आणखी एकदा बघू नका. प्रत्येक घसरणीला उरलेला कोपरा जातो. बारा कोनांची गोटी किंवा रिंग पाना बाजूला ठेवा आणि सहा कोनांची गोटी घ्या. ती कोपऱ्यांवर न बसता सपाट बाजूंवर बसते, म्हणून झिजलेलं डोकंही धरते. त्यानंही भागलं नाही तर इंचाच्या मापातली किंचित लहान गोटी हातोडीनं ठोकून बसवा. त्यानंतर पकड. आणि पकडही सुटली तर डोक्यावर नट ठेवून वेल्डिंगवाल्याकडून टाका मारून घ्या. वेल्डिंगचा फायदा दुहेरी असतो. धरायला नवं डोकं मिळतं आणि बोल्ट तापून गंजाची पकडही सुटते. वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि पेट्रोलचा पाइप, कार्ब्युरेटर दूर करा. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

बोल्ट तुटायच्या आधी सांगून तुटतो. आवळताना पाना जड होत जातो, होत जातो, आणि मधेच एकदम हलका लागतो, लोण्यात फिरतोय असा. तो हलकेपणा म्हणजे बोल्ट ताणला गेला. तिथं थांबून तो बोल्ट काढून फेकलात तर नव्या बोल्टाच्या किमतीत सुटका होते. खोलताना खूण वेगळी आहे. कर्र असा आवाज येऊन बोल्ट थोडा फिरतो आणि अडतो. तेव्हा पुढं न रेटता परत आवळायच्या दिशेनं थोडा फिरवायचा, गंजावरचं तेल सोडायचं, पुन्हा पाव फेरा सोडायचा. मागं पुढं, मागं पुढं. कंटाळवाणं काम आहे. रात्रभर तेलात मुरू दिलं तर सकाळी निम्म्या जोरात निघतो. बाजारात गंज सोडवायचे स्प्रे मिळतात ते चांगलेच, नसले तर डिझेलही चालतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

तुटलाच, आणि थोडा बाहेर राहिला असेल, तर नशीब समजा. पकडीनं धरून वरच्यासारखाच मागं पुढं करा. ॲल्युमिनियमच्या हेडात अडकला असेल तर आजूबाजूचं हेड गरम करा. ॲल्युमिनियम उष्णतेनं पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळं भोक सैल होतं. गरम असतानाच मेणबत्ती बोल्टाच्या मुळाशी टेकवा. मेण वितळून आट्यांत शिरतं आणि वंगणाचं काम करतं. हा वस्तादांचा आवडता उपाय होता आणि अजूनही मला त्याहून स्वस्त काही सापडलेलं नाही. हेड गाडीवरच असेल तर हा उपाय पार्किंगमध्ये करायचा नाही. पेट्रोलच्या वाफेला ज्योत लागत नाही, ठिणगी पुरते.

आणि बोल्ट पृष्ठभागाच्या बरोबर तुटला असेल, तर खरी परीक्षा. सेंटर पंचनं बरोबर मध्यावर खूण करायची. बरोबर म्हणजे बरोबर. खूण मिलिमीटरभर सरकली की ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे पळतं आणि भोक वाकडं होतं. मिळालं तर उलट्या फिरणारं ड्रिल वापरा, कारण पुष्कळदा भोक पाडता पाडताच बोल्ट उलटा फिरून बाहेर येतो. मग त्या भोकात इझी आउट, म्हणजे उलट्या आट्यांचा दांडा, घालून बोल्ट उलटा फिरवायचा. इथं मात्र कान उघडे ठेवून ऐका. इझी आउट कडक पोलादाचा असतो, त्याला जोर सोसत नाही. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. मग हेड काढून टूलरूममध्ये न्यायचं, तिथं स्पार्क इरोजनच्या मशीनवर विजेच्या ठिणग्यांनी तो तुकडा थोडा थोडा जाळून काढतात. म्हणजे दहा-वीस रुपयांच्या बोल्टासाठी अख्खं हेड उतरलं. म्हणून इझी आउट वळत नसेल तर जोर वाढवायचा नाही. पुन्हा तेल, पुन्हा गरम, नाही तर मशीन शॉप. कोल्हापुरात उद्यमनगरात, पुण्यात भोसरीकडे असली कामं रोजची आहेत. आपण ज्यावर रात्र घालवतो ते त्यांच्या मशीनवर झटक्यात होतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आटे गेले तर? चेंबरच्या, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीच्या, ड्रेन प्लगचे आणि स्पार्क प्लगचे आटे जास्त जातात. दोन्हीकडे कारण एकच, सुरुवात पान्यानं केली. बोल्ट आधी बोटांनी लावायचा. बोटांनी उलटा फिरवत गेलात की एका जागी टक् असं बसल्याचं कळतं, तिथून सुलटा फिरवा. तीन-चार फेरे बोटांनी गेला तरच पाना लावायचा. बोटांनी जात नाही म्हणजे वाकडा जातोय, हे पक्कं समजा. नवा प्लग वायसर टेकल्यावर साधारण अर्धा फेरा, वापरलेला परत बसवताना त्याहून पुष्कळ कमी. त्यापुढं जोर म्हणजे ॲल्युमिनियमच्या आट्यांवर अन्याय.

गेलेल्या आट्यांवर एम-सील भरू नका, टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. एम-सीलचे आटे इंजिनचा दाब धरत नाहीत आणि टेपचे तुकडे तेलाच्या वाटेत जाऊन बसतात. ड्रेन प्लगला पुढच्या मापाचा प्लग मिळतो, तो चालतो. बाकी ठिकाणी हेलिकॉइल. भोक थोडं मोठं करायचं, त्याचाच टॅप मारायचा आणि तारेची गुंडाळी आत फिरवायची. नीट बसवलेली हेलिकॉइल ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत असते. साध्या हेलिकॉइलला खाली एक शेपटी असते, ती मोडून बाहेर काढायला विसरू नका. स्पार्क प्लगच्या भोकात टॅप मारताना टॅपच्या खाचा ग्रीसनं भरा, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटतो. सारखा बाहेर काढून पुसा. तरी थोडा आत पडतोच, तो बारीक नळी लावून व्हॅक्यूमनं ओढून घ्या. प्लग लावून इंजिन चालू केलं की निघून जाईल, असं कुणी सांगितलं तर त्याचं इंजिन आधी बघून या.

आता आत पडलेल्या वस्तूंचं.

नट, वायसर, गोटीचा तुकडा, चिंधी. कार्ब्युरेटर काढल्यावर मॅनिफोल्डचं तोंड उघडं असतं आणि त्याच्या वरच आपण वाकून काम करतो. उघड्या तोंडात रंगीत फडकं कोंबायचं, मळकट नव्हे. मळकट फडकं इंजिनच्या रंगाचं होतं आणि परत बसवताना दिसत नाही. पण समजा पडलंच काही, तर इंजिन एक अंशही फिरवू नका. हातानं नाही, सेल्फनं तर नाहीच. वस्तू मॅनिफोल्डमध्ये असेल तोवर ती फक्त हरवलेली असते. फिरवलं आणि वाल्व उघडला की ती सिलिंडरमध्ये जाते, मग पिस्टन आणि हेडाच्या मध्ये चिरडते. लोखंडी असेल तर चुंबकाची काठी. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर चुंबकाला दाद देत नाही, त्याला काठीच्या टोकाला जाडसर ग्रीस लावून चिकटवून काढतात. हल्ली मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा मिळतो, प्लगच्या भोकातून आत जातो. आमच्या वेळी आरसा आणि टॉर्च होता, अंदाज होता आणि पुष्कळ वेळा हेड उतरवावं लागायचं. या एका बाबतीत तुम्ही पोरं नशीबवान आहात.

सापडत नाही, आणि नक्की आत पडलं की जमिनीवर हेही कळत नाही? मग आधी जमीन झाडून काढा, चेंबरखालचा गार्ड बघा, शर्टाची घडी बघा. तिथं नसेल तर आत आहे असं धरून चाला. ‘बहुतेक खाली पडला असेल’ या वाक्यानं जेवढी इंजिनं खाल्ली तेवढी तेलानं नाही.

टायमिंगच्या पट्ट्याला लोक जरा जास्तच घाबरतात. घाबरायचं कारण आहे, पण त्यातली चूक पकडणंही सगळ्यात सोपं आहे. पट्टा चढवला, ताण दिला, की प्लग काढून ठेवा आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे फिरवा, ते नेहमी फिरतं त्याच दिशेला. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा परत समोर आल्या पाहिजेत. एक दात पुढं मागं झाला असेल तर इथं दिसतो. फिरवताना मधेच काही घट्ट अडलं तर जोर लावू नका. कदाचित वाल्व पिस्टनला टेकलाय. किंचित मागं घ्या, पट्टा उतरवा, पुन्हा पहिल्यापासून. हातानं टेकलेला वाल्व बहुतेक वेळा वाचतो. सेल्फनं टेकलेला वाकतो. काही इंजिनांत पट्टा चुकला तरी वाल्व आणि पिस्टन भेटत नाहीत, काहींत भेटतात. आपलं कोणतं हे काम सुरू करण्याआधी विचारून ठेवा.

चालू केल्यावर कळलं तर? गाडी उचलत नाही, रिकामी चालताना थरथरते, कार्ब्युरेटरमधून फट् करते. मग इग्निशन फिरवून फिरवून टायमिंग जुळवत बसू नका, आधी पट्ट्याच्या खुणा बघा. आणि त्याच्याही आधी प्लगच्या वायरी. तीन सिलिंडरच्या मारुतीचा क्रम १-३-२ आहे. चार सिलिंडरच्या पद्मिनीचा १-३-४-२ होता. वायरींची अदलाबदल ही फुकटात सुटणारी चूक आहे, आणि तिच्यापायी अख्खा कार्ब्युरेटर खोलून बसलेले लोक मी बघितले आहेत. वायरी बरोबर, पट्टा बरोबर, तरी फटाके फुटतात? मग डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसलाय. पहिला पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा धूर सोडताना. प्लगच्या भोकावर बोट ठेवून इंजिन हातानं फिरवा. बोट ढकललं जातं तो कॉम्प्रेशनचा फेरा.

पद्मिनीचं नाव निघालं म्हणून सांगतो. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही १०८९ सीसीची गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. त्या गाड्या एवढ्या वर्षं टिकल्या त्याचं श्रेय कंपनीइतकंच फुटपाथवर बसणाऱ्या मिस्त्र्यांचं आहे. त्यांच्याकडे टॉर्क रेंच नसायचा, पण खोललेला प्रत्येक पार्ट गोणपाटावर ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं मांडलेला असायचा. तुम्ही मोबाइलवर फोटो काढा, पण मांडणीही करा. पुठ्ठ्यावर हेडाचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो. आवळल्यासारखा वाटतो आणि पार्ट मात्र सैलच राहतो. काम संपल्यावर दोन बोल्ट उरले, तर ते डब्यात टाकून देऊ नका. फोटो मागं मागं नेत बघा. कंपनीनं जादा बोल्ट दिलेला नसतो.

हेड खोलायचं ते पूर्ण गार झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी. गरम ॲल्युमिनियमचं हेड सैल केलं की वाकतं. सोडताना कडेच्या बोल्टांपासून मध्याकडे, आवळताना मध्यापासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत. क्रम चुकला आणि अजून इंजिन चालू केलं नसेल, तर सगळे बोल्ट उलट क्रमानं सैल करा आणि पहिल्यापासून आवळा. काही गाड्यांचे हेड बोल्ट एकदा ताणले की परत वापरायचे नसतात, तिथं नवेच लागतात. मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं असतं. एकदा तापून दबलेलं गॅस्केट मात्र गेलं. ते पुन्हा घालून पैसे वाचत नाहीत.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फार कमी जण सांगतात. ब्लॉकमधल्या बोल्टांच्या भोकांत तेल किंवा पाणी साठलेलं असतं. तसाच बोल्ट आवळला तर खाली अडकलेलं पाणी दाबलं जात नाही, आणि तो दाब ब्लॉकला तडा घालू शकतो. भोकं कापसानं, हवेनं कोरडी करा. तुमच्या हातून हे राहिलं आणि अर्धा बोल्ट आवळल्यावर आठवलं, तरी काढा. तिथंच थांबलात तर काही बिघडलेलं नसतं.

पाणी दाबलं जात नाही, याचा मोठा धडा २६ जुलै २००५ला मुंबईनं दिला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या दुसऱ्या दिवशी लोकांनी आशेनं चालू करून बघितल्या. सिलिंडरमध्ये पाणी, वर येणारा पिस्टन, आणि कनेक्टिंग रॉड वाकला. बुडून गेली म्हणून गाडी मेली नव्हती, सेल्फनं मेली. आपल्या कोल्हापुरात पंचगंगेच्या पुरानं २०१९ आणि २०२१ला तेच शिकवलं. पाण्यात गेलेल्या गाडीची बॅटरी आधी सोडा, सगळे प्लग काढा, इंजिन हातानं फिरवा. पाणी प्लगच्या भोकातून बाहेर येईल. ड्रेन प्लग उघडा, तेलाच्या खाली बसलेलं पाणी आधी निघेल. मग नवं तेल भरा. एअर फिल्टर बदला, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा. एवढं करून मग चावी.

तेलाच्या चुका पटकन सांगतो. जास्त भरलं तर क्रँक त्यात घुसळतो, फेस होतो आणि पंप फेस ओढतो. काढून टाका, डिपस्टिकच्या नळीतून सिरिंजनंही निघतं. फिल्टर बदलला आणि इंजिन चालू करताच खाली तेलाचा ओघळ लागला, तर लगेच बंद करा. जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकलाच चिकटून राहिलेलं असतं आणि नवं त्यावर चढतं. दोन रबरं दाब धरत नाहीत. तेल भरायलाच विसरलात आणि लाल दिवा विझला नाही, तर काही सेकंदांत बंद केलेलं इंजिन बहुधा वाचतं. दिवा खराब असेल असं म्हणणारा इंजिन घालवतो. झाकणाच्या आत पांढरट साय दिसली की लगेच हेड गॅस्केट गेलं असं समजू नका. पावसाळ्यात, जवळजवळच्या फेऱ्यांत, ती दवाचीही असते. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका, ते पाणी बेअरिंगं खातं.

पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरलं गेलं तर चावी फिरवायच्या आधी टाकी रिकामी करा. बॅटरी उलटी जोडली गेली तर मुख्य फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड आधी तपासा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. झाकणातल्या दाबामुळं आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, उघडताक्षणी उकळून तोंडावर येतं. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, थांबा. पाणी बदलल्यावर काटा वर जात नाही म्हणून खूश होऊ नका. आत हवा अडकली असेल तर सेन्सर हवेत असतो आणि खोटं सांगतो.

सिलिकॉन जास्त लावणं ही चूक मात्र दिसत नाही, म्हणून वाईट. बाहेर जेवढं पिळून आलेलं दिसतं तेवढंच आतही आलेलं असतं. आतलं सुटतं आणि तेलाच्या पंपाच्या जाळीत जाऊन बसतं. अजून चेंबर बसवलेला नसेल तर खरवडून काढा आणि बारीक रेघ ओढा. बसवून झाला असेल आणि मनात शंका असेल तर उतरवा. नवं सिलिकॉन नव्या बेअरिंगांपेक्षा कितीतरी स्वस्त.

शेवटी तळाचं काम. कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकमेकींत चालत नाहीत, प्रत्येक टोपी आपल्याच रॉडबरोबर कोरलेली असते. काढण्याआधी पंचनं ठिपके मारायचे, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, आणि ठिपके कोणत्या बाजूला होते तेही लिहून ठेवायचं. ठिपके मारायचे राहिले असतील तर अंदाजानं बसवू नका. आधी कारखान्यानं मारलेले आकडे शोधा, ते बऱ्याचदा असतात. बसवताना एक टोपी आवळली की क्रँक हातानं फिरवा. मग दुसरी, पुन्हा फिरवा. जिथं जड झाला तीच टोपी चुकली. सगळ्या आवळून मग फिरवलं तर कोणती ते कळणार नाही. टोप्या खरंच मिसळल्या असतील आणि आकडेही सापडत नसतील, तर ते काम मशीन शॉपचं आहे. तिथं ते मोजून सांगतील.

भाचरांनो, तुमच्या त्या मारुतीचं हेड तुम्ही खुशाल खोला, पट्टा बदला, आटे दुरुस्त करा. क्रँकपर्यंत पोचलात आणि हाताला काही जड लागलं, तर मला फोन करा. रात्र झाली असली तरी करा. फक्त सेल्फ मारायच्या आधी करा.